पॅच आणि शब्दकोश

मुरबाडच्या वाचनालयात मी ग्रंथपाल. पुस्तकांच्या नोंदी ठेवणाऱ्या आमच्या संगणकावर नवा पॅच, म्हणजे प्रोग्रॅमची सुधारणा, काही केल्या बसेना. कल्याणच्या इंजिनिअरला फोन केला, तर म्हणाला, "मॅडम, तुम्हाला नाही कळणार. मशीन इकडे घेऊन या."

ते धूड मांडीवर घेऊन एसटीत बसायची माझी तयारी नव्हती. लोकांना रोज शब्दकोश काढून देते, त्या दिवशी स्वतःसाठी काढला आणि पडद्यावरची इंग्रजी सूचना एकेक शब्द लावून वाचली. संगणकाची तारीख चुकलीय, एवढंच लिहिलं होतं. भिंतीवरचं कॅलेंडर बघून मी ती दुरुस्त केली. पॅच बसला.

संध्याकाळी त्याचाच फोन. "मशीन कधी आणताय?"

"गरज नाय. झालं."

"कोणी केलं?"

"जिला कळणार नव्हतं, तिने."