मॅट कुठे, चकचकीत कुठे

पेंटरकाकांना कुणी घर दाखवायला नेलं, की ते रंगांचं कार्ड उघडतच नसत. चपला काढून एकेका खोलीत पाच मिनिटं नुसते बसत, मग भिंतीवरून तळहात फिरवत आणि निकाल देत. "स्वयंपाकघराला चकचकीत. तेल उडालं तरी एका फडक्यात साफ. झोपायच्या खोलीला मॅट. डोळ्यांवर उजेड येत नाही आणि भिंतीची उणीदुणीही झाकली जातात." हॉलच्या उंचसखल भिंतीला कुणी हौसेने चकचकीत मागितलंच, तर म्हणत, "लावतो की! पण मग एकेक टेंगूळ पाहुण्यांना हाक मारून सांगेल, मी इथं आहे म्हणून." गिऱ्हाईक मुकाट्याने मॅट घेई.

आणि स्वतःचं घर? लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. कामावरून उरलेले डबे घरी येत आणि हाताला लागेल तो डबा समोर दिसेल त्या भिंतीला फासला जाई. त्यामुळे झोपायची खोली चकचकीत; सकाळचं ऊन भिंतीवरून उसळून थेट डोळ्यांत घुसे. स्वयंपाकघर मात्र मॅट. ओट्यामागचा डाग पुसावा, तर डाग जागच्या जागी आणि रंग फडक्यावर. काकू ते फडकं नाचवत म्हणत, "घ्या, तुमचा रंग परत." काका हसत आणि काम पुढच्या महिन्यावर ढकलत. असा पुढचा महिना वीस वर्षं चालला. मी काकूंच्या जागी असते, तर त्यांचे ब्रश कधीच माळ्यावर टाकले असते.

मग काकूंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. दोन वर्षांत सगळं धुकं झालं. एका डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख ठरली आणि आठवडाभर आधी काकू दवाखान्याजवळ राहणाऱ्या धाकट्या बहिणीकडे गेल्या. रिकाम्या घरात काकांचं लक्ष ओट्यामागे गेलं. बायकोला पुन्हा दिसायला लागणार, आणि पहिलं काय दिसणार, तर हा डाग!

काकांनी गिऱ्हाइकांना हुलकावण्या दिल्या. भिंती घासल्या, भेगा भरल्या, प्रायमर मारला आणि जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या घरासाठी नवेकोरे डबे फोडले. स्वयंपाकघर चकचकीत, झोपायची खोली मॅट, अगदी गिऱ्हाइकाला सांगत तसं. पट्टी निघेपर्यंत काकूंना पत्ता लागू द्यायचा नव्हता. वासाची भीती नव्हती. तो तर काकांच्या अंगाला कायमचाच होता.

ऑपरेशन झालं त्या संध्याकाळी मेहुणीने काकूंना घरी आणून सोडलं. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यात धुकं.

"दमले बाई. पडते जरा," म्हणत काकू बहिणीकडे नेलेली आपली उशी बगलेत मारून आत गेल्या. आतल्या दोन खोल्यांची दारं एकाला एक लागून होती. दोन मिनिटांत हाक आली, "अहो! पलंग कुठं नेलात?"

काका धावले. काकू स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभ्या होत्या आणि उशी शेगडीवर ठेवलेली होती.

तेव्हा काकांच्या डोक्यात प्रकाश पडला. दोन वर्षं काकू तळहाताच्या आधाराने घरात वावरत होत्या. दारातून आत हात घालायचा; गुळगुळीत लागलं तर झोपायची खोली, खरखरीत लागलं तर स्वयंपाकघर. लोकांच्या भिंतींवर हात फिरवून निकाल देणाऱ्या माणसाला आपल्या बायकोचा भिंतीवरचा हात कधी दिसलाच नव्हता. काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी सगळं कबूल करून टाकलं.

"उद्याच्या उद्या होतं तसं करतो," ते म्हणाले.

"खबरदार! आधी मला बघू तर द्या."

सकाळी काकांनी तीनदा साबणाने हात धुतले आणि पट्टी हळूच सोडवली. काकूंनी डोळा उघडला, मिटला, पुन्हा उघडला आणि तरातरा स्वयंपाकघर गाठलं. चमचाभर तेल घेऊन त्यांनी ते नव्याकोऱ्या भिंतीवर भिरकावलं. काकूंनी फडकं फिरवलं. भिंत लख्ख, आणि फडक्याला नुसतं तेल.

"आज काही परत द्यायला नाही हो," काकू म्हणाल्या आणि खुदकन हसल्या. काकांचा जीव भांड्यात पडला.

झोपायच्या खोलीत ऊन भिंतीवर गुमान पडून होतं. काकू कितीतरी वेळ बघत राहिल्या. त्यांना इतका आनंद झाला होता, की डोळ्याला पाणी लावायचं नाही हे डॉक्टरांचं बजावणं त्यांनी मोठ्या कष्टाने पाळलं. मग त्या नवऱ्याकडे वळल्या.

"आता आधी डोकं धुऊन या. छताचा पांढरा रंग केसांवर सांडलाय सगळा."

"अगं, तो रंग नाही."

काकूंनी दोन वर्षांपूर्वी नीट पाहिले होते, तेव्हा ते केस काळे होते. त्या जवळ आल्या, काकांना पलंगावर बसवलं आणि त्यांच्या डोक्यावरून सावकाश तळहात फिरवला.

"मधे चकचकीत, कडेनं मॅट," त्यांनी निकाल दिला. "राहू द्या असंच. आवडलं मला."