पट्टीखालचा धूर

तो शुक्रवार अजून डोळ्यांपुढून हलत नाही. बत्तीस वर्षं पोलीस खात्यात काढली. खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यातले निम्मे आता आठवतही नाहीत. पण निवृत्तीनंतर, अंगावर वर्दी नसताना, ओमानमध्ये हाती आलेलं हे एक प्रकरण रोज सकाळी चहाबरोबर समोर येऊन बसतं.

मुलगी आणि जावई मस्कतजवळ अल हैलला राहतात. दोन महिने राहायला म्हणून गेलो आणि तिथल्या एका मोठ्या व्यापारी संकुलात सुरक्षा प्रमुखाची नोकरी धरून बसलो. नुसतं घरात बसून समुद्र बघणं माझ्या स्वभावात नाही. मालक ओमानी होते, सगळे त्यांना अर्बाब म्हणायचे.

इमारतीच्या मधोमध पाच मजले उंच मोकळा चौक होता आणि वर काचेचा घुमट. एवढ्या उंचीवर छताला लावलेलं धूर ओळखणारं यंत्र काय कामाचं? धूर वर जाता जाता थंड होतो आणि अधांतरीच रेंगाळतो. यंत्राला पत्ता लागेपर्यंत खाली सगळ्याची राख व्हायची. म्हणून तिथे धूर ओळखणारे कॅमेरे बसवले होते. धूर दिसला की कंट्रोल रूमच्या पडद्यावर त्याच्याभोवती लाल चौकोन उमटायचा आणि घंटा वाजायची. मग तिथल्या माणसानं नीट बघून खरं-खोटं ठरवायचं.

तिथे बसणारा माणूस दापोलीकडचा, खाडीकाठच्या गावातला, पन्नाशी उलटलेला. त्याला सगळे चाचा म्हणायचे, मीही तेच म्हणायचो. आधी तो पार्किंगच्या फाटकावर उन्हात उभा असायचा. गाडीचा नंबर एकदा बघितला की महिनाभर विसरायचा नाही. असली नजर उन्हात वाया कशाला घालवायची, म्हणून मीच त्याला आत आणला.

तळमजल्याच्या कोपऱ्यात एका ओमानी म्हाताऱ्याचं अत्तराचं दुकान होतं. शटर वर केलं की तो पहिल्यांदा मातीच्या धुपाटण्यात निखारे घालायचा आणि वर लुबानचे, म्हणजे तिकडच्या धुपाचे, खडे टाकायचा. घुमटातून ऊन तिरपं उतरायचं आणि तो निळसर धूर त्या उन्हातून सावकाश वर चढायचा. मी कितीतरी सकाळी तिसऱ्या मजल्याच्या कठड्याला टेकून बघत राहायचो. सरकते जिने रिकामेच फिरत असायचे, कुठूनतरी फरशी पुसल्याचा आवाज यायचा, आणि आपण जागे आहोत की स्वप्नात, हेच कळायचं नाही. तेवढ्यात खाली कंट्रोल रूममध्ये घंटा ठणाणा करायची. कॅमेऱ्याला लुबान काय आणि आग काय, सगळा धूर सारखाच.

त्या शुक्रवारी संकुल दुपारच्या नमाजानंतर उघडणार होतं. अत्तरवाला सकाळीच येऊन नवा माल लावून, दुकान धुपवून, नमाजाच्या तयारीसाठी घरी गेला. धुपाटणं खोक्यांशेजारी राहिलं. एखादा निखारा खाली पडला असावा. खोकी पेटली, मग अत्तरानं पेट घेतला. घंटा वाजलीच नाही. चाचाला शेजारच्या कॅमेऱ्यात काळपट सावली दिसली तेव्हा तो आग विझवणाऱ्यांना फोन करून तसाच वर धावला. पहिल्या मजल्यावर साफसफाई करणारी एक केरळी बाई धुरात कोंडली होती. तिला त्यानं खांद्यावर टाकून बाहेर आणलं. ती तीन दिवस इस्पितळात होती. वाचली, हे नशीब. तीन दुकानं गेली.

अर्बाब माझ्या खोलीत आले. आवाज चढवला नाही. मोडक्या हिंदीत एवढंच म्हणाले, "दो दिन में आदमी बताओ. जिसका गलती, उसका व्हिसा खलास."

दुसऱ्या दिवशी खबर लागली. देखभाल विभागाचा इंजिनिअर पुण्याचा होता. दार लावून घेत म्हणाला, "सर, माझं नाव मध्ये येऊ देऊ नका. त्या कोपऱ्यावर मास्क टाकलाय."

"मराठीत सांग."

"पडद्यावर त्या भागावर पट्टी ओढता येते, सर. मग कॅमेरा तिथे बघतो, पण बोलत नाही. नियम एक तासाचा आहे, तोही रजिस्टरला नोंद करून. ही पट्टी पाच महिने तशीच आहे, ही बघा तारीख. नोंद नाही. लॉगिन चाचाचं आहे."

मी चाचाला बोलावलं. समोर बसवलं आणि जुन्या सवयीनं काही न बोलता कागद चाळत राहिलो. भल्याभल्यांना ही शांतता सोसत नाही, आपणहून बोलायला लागतात. चाचा हूं की चूं न करता बसून राहिला.

"चाचा, पट्टी तुम्ही ओढलीत?"

"होय साहेब. मीच."

"का?"

"चुकला माजा."

"कोणी सांगितलं होतं का?"

"कोन सांगनार? चुकला, खलास. लिवा तुमी."

"मुलीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष ना? तुमचा व्हिसा गेला तर तिचं काय होईल?"

तो आपल्या तळव्यांकडे बघत राहिला. बाईला आणताना उजव्या हाताला भाजलं होतं, तिथे मलम लावलेलं होतं. "अल्ला बगंल," म्हणाला. मग थोड्या वेळानं, "साहेब, तुमी सकालपासनं काय घेतलेलं दिसत नाय. चाय मागवू?"

आरोपीनं तपास अधिकाऱ्याला चहा विचारलेला मी पहिल्यांदा पाहिला. इतक्या जबाबांनी मला एक शिकवलंय. खोटं बोलणारा तपशिलावर तपशील देतो. दुसऱ्या कोणाला पाठीशी घालणारा नुसता 'होय' म्हणतो. चाचा कोणाला तरी झाकत होता. मला वाटलं, इंजिनिअरला. मनात म्हटलं, चोराच्या उलट्या बोंबा, बघतोच तुला पुणेकरा.

संध्याकाळी घरी गॅलरीत बसलो होतो. समुद्रावर धुकट उजेड होता, आकाश कुठे संपतं ते कळत नव्हतं. सात वर्षांची नात येऊन टेकली. तिच्या आईनं तिला सगळं सांगितलेलं दिसत होतं. तिचं मराठी इंग्रजी शाळेत अडखळायला शिकलेलं. म्हणाली, "आजोबा, कॅमेराला कोणी सांगितला, डोन्ट लुक?"

"तेच तर शोधतोय, बाळा."

"मग तुमचा डायरीमध्ये बघा ना. तुम्ही एव्हरीथिंग लिहिता."

ठाण्याची डायरी लिहायची सवय माझी सुटलेली नाही. घडलेलं सगळं रोज तारीखवार लिहितो, घरचे हसतात. मी उठलो आणि इंजिनिअरनं सांगितलेली तारीख काढली. माझंच अक्षर होतं. 'अर्बाबांचे पाहुणे चौकात. अत्तराच्या दुकानामुळे घंटा सहा वेळा. फार शोभा झाली. चाचांना फोन करून सांगितले, त्या कोपऱ्याचे तोंड बंद करा. त्यानंतर शांतता.' 'शांतता' या शब्दाखाली मी खुशीत रेघही मारलेली होती.

तो फोन माझ्या डोक्यातून साफ गेला होता. वही मिटली, पुन्हा उघडली. मजकूर तोच होता. लाज वाटली. इतकी लाज मला वर्दीत कधी वाटली नव्हती. आरोपी दोन दिवस माझ्याच खुर्चीत बसून दुसऱ्यांचे जबाब घेत होता.

सकाळी मी स्वतः कंट्रोल रूममध्ये गेलो. तिथेही चाचा उठून उभा राहिला.

"का नाही सांगितलंत मला?" मी ओरडलोच.

"काय सांगू साहेब? तुमी बोललात बंद करा. चालू करा असा कदी बोललात नाय. साहेबाला उलट इचारायची आमची रीत नाय. आनि रजिस्टरात साहेबाचा नाव कशाला?"

"अहो, तुमची नोकरी जात होती!"

"तुमी मला उनातनं आत आनलात," तो म्हणाला. त्याच्या लेखी विषय संपला होता.

मी डायरी घेऊन अर्बाबांकडे गेलो. त्या पानाचा अर्थ हिंदीत सांगितला आणि म्हटलं, माणूस सापडला. ते कितीतरी वेळ त्या मराठी ओळींकडे बघत राहिले, त्यांना त्यातलं अक्षर कळत नसूनही. मग त्यांनी छोट्या पेल्यात कावा, तिथली बिनदुधाची कॉफी, ओतून माझ्यापुढे सरकवला.

"आप पुलिस था ना?"

"म्हणूनच आलो," मी मराठीतच म्हणून गेलो. त्यांना कळलं असावं.

चाचा राहिला. मी महिनाअखेर मोकळा झालो. अर्बाबांनी बोललेला शब्द मोडला नाही, आणि मीही मोडा म्हटलं नाही. चूक वरून खाली आली होती, तिनं परत वर जायलाच हवं होतं.

आता पुण्यात असतो. डोळा लागता लागता कधी तो घुमट दिसतो, ते तिरपं ऊन दिसतं, आणि त्या धुरातून नोकरीतली माणसं एकेक करून येतात. मी ज्यांच्यावर कसुरीचे अहवाल लिहिले ते हवालदार आणि शिपाई, 'चुकलं साहेब' म्हणून मान खाली घालणारे. त्यातल्या कितीजणांना कोणा साहेबाचा तोंडी हुकूम होता? त्यात माझे किती होते? तेव्हा मी विचारलं नाही. 'होय' म्हणाला, सही घेतली, फाईल बंद केली. तपास करणाऱ्यानं आधी स्वतःची डायरी काढावी, ही अक्कल मला बत्तीस वर्षांनी, परमुलखात, सात वर्षांच्या पोरीनं दिली.

मागच्या शुक्रवारी चाचाचा व्हिडिओ कॉल आला होता. मुलगी रत्नागिरीच्या इस्पितळात नोकरीला लागली, ते सांगायला. मागे पडद्यावर तो कोपरा दिसत होता. अत्तराचं दुकान पुन्हा उभं राहिलंय. धुराभोवती लाल चौकोन उमटला आणि घंटा सुरू झाली. चाचानं शांतपणे बघितलं आणि रजिस्टर ओढून नोंद केली.

मला राहवलं नाही. "चाचा, कान किटत नाहीत का हो? बंद करा ना जरा."

तो हसला नाही. "साहेब," म्हणाला, "लिवून द्या."