टेंबेकरांनी ऐकलेला हल्ला

हिंदी मुलखातल्या एका शहरात, दीक्षितपुरा मोहल्ल्यात, श्रीरंग टेंबेकरांना सगळे ‘कानबाबू’ म्हणत. तोंडावर नाही, तोंडावर ‘टेंबेकरजी’. शेजारी कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या यावरून पाहुणे किती आले ते सांगणारा हा माणूस. सोनटक्क्यांची मुलगी पळून जाणार हे त्या मुलीच्या आधी यांना कळलं होतं. सरकारी कचेरीत एकतीस वर्षं बैठकांचं इतिवृत्त लिहिलं, आणि लोक बोलायच्या आधीच त्यांचं म्हणणं कागदावर उतरवायची सवय लागली. त्यांची बायको, प्रतिमावहिनी, म्हणायच्या, “घरचं सोडून जगाचं ऐकू येते यांना.”

त्या कानांनी एकच शब्द चुकीचा ऐकला, आणि अकरा माणसं तुरुंगात गेली.

कुंडमकडच्या डोंगरात ढुटरी नावाचं गाव आहे. सगळी गोंड वस्ती. तो भाग संविधानाच्या पाचव्या अनुसूचीतला, म्हणजे गावचा डोंगर खदानीला द्यायचा तर आधी ग्रामसभेला विचारावं लागतं. विचारलंही होतं, दोन वर्षांपूर्वी. तेव्हाच्या बाबूनं छापील नमुन्यातून वाचलं, “कोई आपत्ति?” म्हणजे काही हरकत? लोक म्हणाले, “नहीं, नहीं देंगे.” बाबूनं रकाना भरला: ‘आपत्ति : नहीं’. खोटं एक अक्षर नाही. असा बाबू जन्माला यायला सात पिढ्यांची पुण्याई लागते.

तो ठराव रद्द करवून सभा पुन्हा मिळवायला गावाला दोन वर्षं हेलपाटे घालावे लागले. पुढे होती ग्रामसभेची अध्यक्ष भानुमती मरावी. पंचेचाळिशीची, रुंद हाडाची, आवाज असा की ओढ्यापलीकडची म्हैस वळावी. तिनं घरोघरी जाऊन सांगितलं होतं, हिंदीतलं ‘नहीं’ यांच्या रकान्यात बरोबर बसतं, तर या वेळी आपण गोंडीतून नाही म्हणायचं. गोंडीत ‘नाही’ला म्हणतात ‘हल्ले’.

हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. सभा घ्यायला गेलेले साहेब आणि टेंबेकर यांना नव्हतं.

पोलिसांची गाडी खाली तळ्याशी उभी होती. साहेबांनी जीपजवळच टेंबेकरांना सांगून ठेवलं, “कुछ गड़बड़ लगे तो फोन कर देना.” टेंबेकर जीपच्या सावलीत राहिले. ऊन होतं, आणि इतिवृत्त मनात लिहून झालंच होतं. भानुमतीनं ठराव वाचला आणि विचारलं, डोंगर द्यायचा का? दोनशे माणसं उठून उभी राहिली, हात वर केले आणि ओरडली, “हल्ले. हल्ले. हल्ले.”

टेंबेकरांनी तळ्याशी थांबलेल्या पोलिसांना फोन लावला. “साहब, हल्ला हो गया.”

पलीकडचा दरोगा, म्हणजे फौजदार, हिंदीवाला. हिंदीत हल्ला म्हणजे गोंगाट. तो हसला. “ग्रामसभा है टेंबेकरजी, हल्ला तो होगा ही. भजन थोड़ी होंगे.” त्यानं फोन ठेवला असता तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण टेंबेकरांमधला मराठी माणूस नेमका तेव्हा जागा झाला. आपल्याकडे हल्ला म्हणजे काय गोंगाट असतो? हल्ला म्हणजे तलवारी. त्यांनी हिंदीवाल्याला समजेल असा शुद्ध शब्द शोधून दिला.

“वो वाला नहीं साहब. हमला. हमला हो गया.”

चार मिनिटांत लाठ्या वर आल्या. कुणी काही विचारलं नाही. पहिली लाठी एका म्हाताऱ्याच्या कानशिलावर बसली. तो हात वर ठेवूनच आडवा झाला, मत द्यायचं राहू नये तसा. बायका शाळेच्या भिंतीकडे पळाल्या आणि भिंतीशीच सापडल्या. भिंतीवर डोकी आपटल्याचे आवाज टेंबेकरांना जीपपर्यंत ऐकू आले. एका पोरसवद्या शिपायानं खाली पडलेल्या माणसाच्या गुडघ्यावर लाकूड फोडल्यासारखे तीन घाव घातले. भानुमतीनं सभेचं रजिस्टर छातीशी धरलं होतं. ते सोडेना म्हणून मनगट फोडलं. तरी सोडेना, तेव्हा लाठीचं टोक डाव्या डोळ्यात गेलं. रजिस्टर रक्तानं चिकटून बंद झालं.

अहवाल टेंबेकरांनीच लिहिला. जमावानं शासकीय पथकावर हमला केल्यामुळे मत नोंदवता आलं नाही. अकरा जण आत गेले, त्यात भानुमतीचा भाऊ शालिग्राम. खदानीच्या फाइलवर गावाचा नकार नव्हताच.

आठवड्यानं जखमींचे जबाब घ्यायला साहेबांनी त्यांनाच दवाखान्यात पाठवलं. भानुमतीच्या डोळ्यावर पट्टी, हाताला प्लॅस्टर.

टेंबेकरांनी पेन उघडलं. “हल्ला पहले किसने किया?”

“किसी ने नहीं किया. हल्ले बोले थे.”

“वही तो पूछ रहा हूँ, हल्ला...”

“हल्ला नहीं, बाबूजी. हल्ले. हमारी बोली में हल्ले माने नहीं. नहीं बोले थे हम, और क्या.”

टेंबेकरांनी पेन मिटलं. त्या दिवशी ते कुणाचीही बातमी न आणता घरी आले. वहिनींनी ताट वाढलं.

“काहून जेवून नाही राहिले?”

त्यांनी सगळं सांगितलं. वहिनींनी वरणातला चमचा खाली ठेवला.

“मग सांगा ना कोर्टात जाऊन.”

“अगं, नोकरी जाईल. उलटी केस होईल माझ्यावर.”

“तिचा डोळा गेला. तुमची खुर्ची काहून नाही जाणार?”

टेंबेकरांनी ठरवलं, आणि ठरवल्यावर जे करायला नको तेच केलं. कमानिया गेटपाशी चहा पिता पिता चार जणांना सांगितलं, परवा कोर्टात बघाच. पोटात ठेवणं रक्तातच नव्हतं. दुसऱ्या दिवशी भरदुपारी खदानवाल्यांच्या तीन जणांनी त्यांना मोटारसायकलवर मध्ये बसवलं आणि गोहलपुरातल्या एका बंद कारखान्यात नेलं. उजवा हात लोखंडी शेगड्याच्या, म्हणजे दांडा फिरवून आवळायच्या पकडीच्या, जबड्यात धरला आणि एक जण दांडा फिरवू लागला. दुसरा अगदी अदबीनं विचारत होता, “अंकल जी, क्या सुना था आपने?” टेंबेकर ओरडले, तशी पहिल्यानं आणखी अर्धा फेरा दिला. दोन बोटांची हाडं फुटल्यावर त्यांना रस्त्यावर टाकून दिलं.

ते कोर्टात गेले. ताप होता, धोतरावर उलटी सांडलेली होती. साक्ष दिली, मी ‘हल्ले’ ऐकलं आणि ‘हमला’ कळवलं. एक दगडसुद्धा कुणी उचलला नव्हता.

सरकारी वकील म्हणाला, “आपको गोंडी आती है?”

“नहीं.”

“फिर किस आधार पर कह रहे हैं?”

“मराठी आती है, उसी आधार पर. उसी से गलती हुई.”

कोर्ट हसलं. न्यायाधीश हसले नाहीत. गोंडी जाणणारा माणूस बोलावून शब्दाची खात्री झाली, आणि अकराही जण सुटले. पावसाळ्यानंतर ढुटरीला तिसरी सभा झाली. दोनशे चौदा नकार एकेक करून, नाव आणि अंगठ्यासह नोंदले गेले. शालिग्राम मात्र काठीवर आला. तुरुंगातल्या मारानं निखळलेला त्याचा खुबा परत बसला नाही.

टेंबेकर निलंबित झाले आणि खोटी खबर दिल्याचा खटला त्यांच्यावर उभा राहिला. दीक्षितपुऱ्याला वाटत होतं, आता ती बाई येऊन यांचे पाय धरील, निदान गप्प तरी राहील. भानुमती आली ती त्यांच्याविरुद्ध साक्ष द्यायला. काचेचा डोळा बसवलेला, पदर खोचलेला.

टेंबेकरांच्या वकिलानं गोडीगुलाबीनं विचारलं, “दीदी, बाबूजी से तो गलती से हुआ ना?”

“हाँ, गलती से.”

“तो आप माफ करती हैं?”

ती पिंजऱ्यातल्या टेंबेकरांकडे वळली. पूर्ण मान वळवावी लागली.

“हम तीन बार ‘नहीं’ बोले, तब लिखा गया,” ती म्हणाली. “इनको भी लिख लो. नहीं.”

टेंबेकरांनी वकिलाला खूण केली, बस, आणखी विचारू नका.