धोंडीराम थेट्यांची वरची मंडळी

नाशिकरोडच्या टपाल कचेरीत पत्रांची छाटणी करणारे धोंडीराम थेटे देव मानत नसत. मानत नसत म्हणजे काय, सोवळं पाळावं इतक्या कडकपणे मानत नसत. देवळावरून जाताना ते मान मुद्दाम डावीकडे वळवत, आणि देऊळच डावीकडे असेल तर उजवीकडे. सत्यनारायणाचा प्रसाद मात्र नाकारत नसत. फक्त तो तोंडात टाकता टाकता "शिरा छान झालाय" असं मोठ्याने म्हणत, म्हणजे कुणाचा गैरसमज व्हायला नको.

या नास्तिकपणाचं मूळ त्यांच्या नोकरीत होतं. चोवीस वर्षं ते लाकडी कप्प्यांच्या भिंतीसमोर उभे होते. पत्र हातात आलं की नजर पत्त्याच्या शेवटच्या ओळीवर, आणि दुसऱ्या क्षणाला पत्र सिन्नरच्या, निफाडच्या नाहीतर भुसावळच्या कप्प्यात. बहात्तर साली पिनकोड आला तेव्हा सगळ्या कचेरीने कपाळाला हात लावला. थेट्यांना मात्र साक्षात्कार झाल्यासारखं झालं. जे जे अस्तित्वात आहे त्याला आता सहा आकडी नंबर मिळाला होता. मग वर्षातून दोनचारदा जी पत्रं यायची, 'श्री परमेश्वर, मुक्काम वैकुंठ' अशी, त्यांच्यावर थेटे लाल शाईने 'पत्ता अपुरा' असा शेरा मारत आणि ती बाजूला ठेवत. या शेऱ्याविरुद्ध वैकुंठातून एकही तक्रार आली नाही, हा त्यांचा देवाविरुद्धचा मुख्य पुरावा.

असा हा माणूस सत्त्याहत्तर साली बिघडला.

अमेरिकेने त्या वर्षी दोन यानं अंतराळात सोडली. ती परत यायची नव्हती. त्यांच्यात एकेक सोनेरी तबकडी होती आणि तिच्यावर पृथ्वीवरच्या पन्नासेक भाषांमधले नमस्कार मुद्रित केले होते. त्यांत मराठीतलाही एक होता. ही बातमी थेट्यांनी बायकोला तीनदा वाचून दाखवली. मालनबाई मेथी निवडत होत्या. त्यांनी विचारलं की ऐकणार कोण. थेटे म्हणाले, ऐकणारं कुणीतरी असल्याशिवाय एवढी शहाणी माणसं टपाल टाकतील का?

त्या दिवसापासून वर कुणीतरी आहे याबद्दल थेट्यांच्या मनात शंका उरली नाही. 'परग्रहवासी' हा शब्द त्यांना फार परका वाटे. ते 'वरची मंडळी' म्हणत. रोज संध्याकाळी कामावरून आले की हातपाय धुऊन ते गच्चीवर जात आणि ठरलेल्या सतरंजीवर बसून तासभर आकाशाकडे बघत. त्या सतरंजीवर दुसऱ्या कुणी बसायचं नाही. भरल्या पोटी वर जायचं नाही, कारण झोप येते. मालनबाईंनी हे सगळं पाहिलं आणि एके दिवशी गच्ची झाडून, सतरंजीच्या जागेपुढे रांगोळीचं एक बारकं स्वस्तिक काढून ठेवलं. थेट्यांनी ते पुसलं नाही. सतरंजी जरा मागे सरकवली.

शेजारी खंडेराव हांडोरे राहत. देवळाली कॅम्पातल्या तोफखान्यात हवालदार होते, आता निवृत्त. तोफांनी त्यांचे कान निम्मे नेले होते, त्यामुळे ते स्वतःला ऐकू जाईल इतक्या आवाजात बोलत आणि त्यांचं खासगी बोलणं रेल्वे फाटकापर्यंत पोचे. दर सोमवारी एसटीने त्र्यंबकेश्वरला जाणारा हा माणूस आणि थेटे यांचा रोज चहाच्या वेळी ओट्यावर वाद चाले. थेटे सांगत की आकाशात तारे इतके आहेत की एखाद्याभोवती तरी वस्ती असणारच, हा हिशोब आहे, श्रद्धा नाही. खंडेराव विचारत की पाहिलंय का कुणी. थेटे म्हणत, अजून नाही. खंडेराव म्हणत, माझंही तेच उत्तर आहे.

"तू देवाच्या पाकिटावर पत्ता अपुरा लिहितोस," खंडेराव एकदा म्हणाले, "आणि त्या तबकडीवर कुणाचा पत्ता आहे रे?"

थेट्यांनी सांगितलं की पाठवणाऱ्याचा आहे. सूर्य कुठे आहे त्याचा नकाशा कोरलाय.

"म्हणजे घेणाऱ्याचा नाहीच. तुझ्यात माझ्यात फरक एवढाच, धोंडीराम, मी नारळ फोडतो आणि तू दुसऱ्याचं डोकं."

मालनबाई आतून दोघांना चहा पाठवत आणि कुणाचीच बाजू घेत नसत. त्या सप्तशृंगीच्या. माहेर कळवणकडचं, लहानपणापासून चैत्रात गडावर जाणं ठरलेलं. नवऱ्याला त्यांनी कधी 'चला' म्हटलं नव्हतं.

ऐंशी सालच्या हिवाळ्यात मालनबाईंच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, उघडल्याशिवाय सांगता येणार नाही. दिवस ठरला. आदल्या संध्याकाळी थेटे गच्चीवर गेले नाहीत. ते दवाखान्यात खाटेशेजारच्या स्टुलावर बसून मोसंबं सोलत होते, आणि सोललेल्या फोडी पुन्हा सालीत ठेवत होते. तेव्हा मालनबाईंनी वीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा काहीतरी मागितलं.

"तुम्ही एक नवस बोला," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे बायकोसाठी नवऱ्याने बोलायचा असतो. मी बोलून उपयोग नाही. आजारी माणसाचं तोंड स्वार्थी असतं."

थेटे म्हणाले, बघतो.

"बघू नका. बोला. माझं मन शांत होईल."

त्यांनी बोलतो म्हणून सांगितलं. सांगून बसले खरे, पण थेटे बायकोशी खोटं बोलत नसत. यात सद्गुणाचा भाग थोडा. ते खोटं बोलले की मालनबाईंना लगेच कळे, त्यामुळे सवयच लागली नव्हती. दुसऱ्या दिवशी मालनबाईंना आत नेलं, दार लागलं आणि थेटे दवाखान्याच्या व्हरांड्यात उभे राहिले. शेजारी खंडेराव होते, पण ते डोळे मिटून महामृत्युंजय म्हणत होते आणि आपण तो मनातल्या मनात म्हणतोय अशी त्यांची समजूत होती.

व्हरांड्याच्या टोकाला आकाशाचा एक चौकोनी तुकडा दिसत होता. थेटे तिथे गेले. ज्या देवीला चोवीस वर्षं पत्ता विचारला तिच्याकडे आज गरज पडली म्हणून जायचं, हे त्यांना हलकटपणाचं वाटलं. त्यापेक्षा ज्यांच्याशी रोजचं बसणंउठणं त्यांच्याकडे मागावं. त्यांनी इकडेतिकडे पाहून हात जोडले, वरच्या मंडळींना उद्देशून तोंड उघडलं, आणि तोंडातून जे निघालं ते असं: "तिला सुखरूप बाहेर येऊ द्या. मी गडाच्या पायऱ्या अनवाणी चढेन."

बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण काय बोललो. पण करणार काय? नवस म्हणजे काय हे त्यांनी आयुष्यात एकाच व्यक्तीच्या तोंडून ऐकलं होतं, आणि ती त्यांची आई. त्या माउलीने धोंडीरामच्या गोवरापासून ते त्याच्या मॅट्रिकपर्यंत प्रत्येक संकटात गडाच्या पायऱ्या चढायचं कबूल केलं होतं. नवसाचा दुसरा नमुनाच घरात नव्हता. आता कुठल्या ताऱ्याभोवती राहणाऱ्या मंडळींना वणीचा गड कुठे आहे हे ठाऊक असायचं काय कारण? आणि थेट्यांनी पायऱ्या चढल्याने त्यांचं कुठलं भलं व्हायचं होतं?

गाठ साधी निघाली. मालनबाई दहा दिवसांनी घरी आल्या आणि आल्या आल्या विचारलं, बोलला होतात ना? थेटे म्हणाले, हो. गडाच्या पायऱ्या अनवाणी चढेन म्हणून बोललो. यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं. मालनबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. वीस वर्षं देवळाकडे पाठ फिरवणाऱ्या माणसाने आपल्यासाठी हात जोडले, हे त्यांनी गल्लीत चार घरी सांगितलं, आणि प्रत्येक घरी सांगताना थेटे उंबऱ्यापाशी चप्पल शोधत उभे होते. त्यांना आता एकच घोर लागला. हे सुख खोट्या पायावर उभं आहे आणि ते आपल्याच तोंडाने पाडावं लागणार.

खंडेरावांना विचारायचं म्हणजे गावाला विचारण्यासारखं. म्हणून थेटे त्यांना मालधक्क्याच्या पलीकडे मोकळ्यावर घेऊन गेले आणि सगळं सांगितलं. खंडेराव आधी पोट धरून हसले. मग त्यांनी विचार केला आणि सल्ला दिला की सांगू नकोस. "बाई बरी झाली ना? पाकीट पोचलं. आता उघडून वाचतोस कशाला?"

सल्ला व्यवहाराचा होता. थेट्यांनी तो चैत्रापर्यंत पाळला.

चैत्रात थेटे आणि मालनबाई एसटीने नांदुरीला उतरले आणि तिथून वर गेले. पायऱ्यांच्या तळाशी थेट्यांनी चपला काढून पिशवीत ठेवल्या. दगड असे तापले होते की पहिल्या दहा पायऱ्या त्यांनी जवळजवळ नाचत चढल्या. मागून कळवणकडच्या बायका येत होत्या. त्यांतली एक म्हणाली की बाबाची भक्ती लय दांडगी. थेट्यांचा चेहरा उन्हापेक्षा जास्त लाल झाला. अर्ध्यावर मालनबाईंना धाप लागली. दोघं कठड्याच्या सावलीत टेकले. त्या पदराने वारा घेत होत्या, आणि दर दोन मिनिटांनी नवऱ्याच्या पायांकडे बघत होत्या. त्या बघण्यात असं काही कौतुक होतं की थेट्यांना पुढची पायरी चढवेना.

"मालन," ते म्हणाले, "मी नवस बोललो तो देवीला नाही बोललो."

"मग कुणाला?"

थेट्यांनी हाताने वर दाखवलं. गडाच्याही वर.

मालनबाई पदराने वारा घेत राहिल्या. थेटे पायाला लागलेला खडा काढण्याचं नाटक करत राहिले, कारण खडा नव्हताच.

"तुम्ही हो म्हणालात तेव्हा कान लाल झाले होते," मालनबाई शेवटी म्हणाल्या. "काहीतरी गोम आहे हे मला तेव्हाच कळलं. मला वाटलं, बोललाच नसाल. त्याचं फार वाईट वाटत होतं. तरी चार घरी सांगितलं, म्हटलं निदान लाजून तरी पायऱ्या चढतील."

"बोललो मात्र होतो. शपथ."

"हात जोडून?"

"हात जोडून."

मालनबाईंचा श्वास आता जाग्यावर आला होता. "दवाखान्यात दार लागताना मीच गडावरच्या आईला सांगून ठेवलं होतं," त्या म्हणाल्या. "म्हटलं, हे कुणाला काय सांगतील त्यांचं त्यांना ठाऊक. तू आपलं ऐकून घे." त्या गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. "चला आता. पाय भाजतायत तुमचे. दगड काही विचारत नाहीत नवस कुणाचा म्हणून."

वर गर्दी होती. मालनबाईंनी ओटी भरली. थेट्यांचा विचार बाहेर थांबायचा होता, पण रांगेने त्यांना विचारलं नाही, ढकललं. पाहता पाहता ते त्या अठरा हातांच्या, शेंदराने न्हालेल्या मूर्तीपुढे उभे राहिले. मान डावीकडे वळवायला जागा नव्हती, उजवीकडेही नव्हती. आणि मनात तर आभार दाटून आलेले, कुठेतरी उतरवायलाच हवेत असे. थेट्यांनी हात जोडले. अगदी हळू आवाजात, नव्या शेजाऱ्याशी बोलावं तसं ते म्हणाले, "बाई, आपली ओळख नाही. पण तुम्ही उंचावर राहता. ती मंडळी कधी भेटलीच, तर थेट्यांनी आभार सांगितलेत म्हणून सांगा. आणि तुमचेही."

मागच्या बाईने कोपर मारलं तेव्हा ते बाजूला झाले.

उतरताना मालनबाईंनी विचारलं की आत एवढा वेळ काय बोलत होतात, मागे माणसं खोळंबली होती.

"काही नाही. आभार मानले."

"कुणाचे?"

थेट्यांनी त्यांचा दंड धरला. "पायरी उंच आहे," ते म्हणाले. "जपून."