कमानीपेक्षा उंच

आरमोरीच्या बाजारात देवराव रामटेके कायम मान खाली घालून चालायचा. नवख्या माणसाला वाटायचं, किती विनयी गडी आहे. विनयी तो होताच, पण मान खाली जायची ती दुकानांच्या ताडपत्र्या चुकवायला. एवढा उंच माणूस त्या भागात दुसरा एकच होता, आणि तोही त्याच्याच घरात: धाकटा भाऊ चैतू.

तरुणपणी देवरावला नाटकाचं वेड. गुणवंतरावांच्या नाटक मंडळीत त्याला शिपायाचं काम मिळालं. पहिल्याच प्रयोगात पडदा वर गेला आणि शिपायाचं डोकं वरच्या झालरीत शिरलं. लोकांना दिसले ते नुसते खांदे, भाला आणि मिशीचं एक टोक. असा हशा पिकला की राजाला पुढची वाक्यं सुचेनात. गुणवंतराव मात्र रागावले नाहीत. मोठ्या मनाचा माणूस. त्यांनी देवरावला रंगमंचावरून उतरवलं आणि जीपवर बसवलं. म्हणाले, हिला छप्पर नाही, इथं तुझं डोकं कोणाच्या आड येत नाही.

ती जीप लष्कराच्या लिलावातली, उघडी. पाऊस आला तर वरून कापडी हूड ओढायचं. भोंगा बांधून, नाटकाचे फलक लटकवून देवराव ती गोंडपिपरीपर्यंत न्यायचा. सालईच्या जंगलातून वारा अंगावर घेत जाताना त्याची मान सरळ असायची. दिवसातला तेवढाच वेळ. म्हणून ती जीप त्याला जिवापाड प्यारी.

पूर्व विदर्भातल्या या झाडीपट्टीत पीक निघालं की गावोगाव शंकरपट भरतो, बैलजोड्यांच्या शर्यतींचा. पट म्हटला की नाटक आलंच. ऐंशीच्या दशकात, लाकडाचे ठेकेदार आणि राइस मिलवाले जीपगाड्या बाळगू लागले, तेव्हा एका गावच्या पट कमिटीने बैल पळून झाल्यावर त्याच धावपट्टीवर उघड्या जीप पळवायची टूम काढली. शेवटच्या मातीच्या ढिगाला वळसा घालून परत यायचं. पहिल्याच वर्षी एक जीप त्या वळणावर उलटली. ड्रायव्हर बाहेर फेकला गेला तो पुन्हा उठला नाही. तेव्हा कमिटीने नियम केला: प्रत्येक जीपला सीटच्या मागे लोखंडी कमान पाहिजे, आणि ड्रायव्हर सीटला बांधलेला पाहिजे. म्हणजे गाडी उलटली तरी भार कमानीवर येईल आणि माणूस आत राहील. नियम चांगल्या मनानेच केला होता.

पुढच्या पटात गुणवंतरावांनी आपलीही जीप उतरवायचं ठरवलं, चालवणार देवराव. कमान बसवली त्या दिवशी तो फलक घेऊन एसटीने गोंडपिपरीला गेला होता. वेल्डिंगवाल्याने माप घ्यायला जागेवर बसवलं कोलूला, भोंगा सांभाळणाऱ्या ठेंगण्या, पोरसवदा माणसाला. कोलूच्या डोक्याच्या वर वीतभर कमान आली. शिवाय हूड तिच्यावरून सुबक बसलं. सगळे खूश.

देवराव परत आला, सीटवर बसला आणि मान वळवून पाहिली. कमान कानाच्या पातळीला. त्याला नाटकवाल्यांची रीत आठवली. झालर टांगण्याआधी सुतार एका चौकटीवरून दुसऱ्या चौकटीवर बांबू टेकवून पाहतो, राजाचा मुकुट खालून जातो की नाही. देवरावने एक बांबू आणला. एक टोक कमानीवर, दुसरं पुढच्या काचेच्या चौकटीवर. खाली बसायला गेला तर बांबू त्याच्या कपाळावर. शर्यतीत ती काचही बोनेटवर पाडायची होती, म्हणजे बांबू आणखी उतरणार.

त्याने गुणवंतरावांना बोलावून दाखवलं.

"भाऊ, गाडी पालथी झाली तं जमीन या बांबूच्या जागी येते. माहं डोकं त्याच्या वर हाय."

गुणवंतरावांनी कमान दोन्ही हातांनी हलवून पाहिली. हलली नाही. "हत्ती बसला तरी वाकनार नाई. तू काऊन भेऊन राह्यला?"

कमान उंच करू, असं देवराव म्हणाला. मग हूड बसणार नाही, आणि पावसात नट्यांचं सामान भिजेल, हे गुणवंतरावांनी समजावून सांगितलं. कोलू म्हणाला, देवरावदादालेच थोडं कापून घ्या. मंडळी हसली, देवरावही हसला.

आठवड्याने कोलूने सरावात जीप बांधावर घातली आणि ती पालथी झाली. कमान मातीत रुतली, आणि तिच्याखालून कोलू अंग झटकत, शिव्या देत बाहेर आला. आता तर पुरावाच मिळाला. त्यानंतर देवरावने तोंड उघडलं की लोक कोलूकडे बोट दाखवत.

घरी सत्यशीला म्हणाली, नाही म्हणून सांगा. पण सांगायचं कसं? गावोगाव भोंग्यावरून त्याचंच नाव पुकारलं जात होतं, आणि जिच्यावरून पुकारत होते ती जीप तोच चालवत होता. नाही म्हटलं तर जीप कोलूकडे जाणार. मग पुन्हा बाजारातल्या ताडपत्र्यांखाली धान तोलायला, मान वाकवून. सत्यशीलेने उठून गोणपाटाचं जुनं पोतं आणलं. सीटची गादी काढून त्याजागी हे घाला म्हणाली, तेवढं तरी खाली जाल.

पटाच्या दिवशी देवरावने तसंच केलं. डोकं चार बोटं उतरलं, पण गुडघे वर आले, स्टीअरिंगच्या दोन बाजूंना भिडले. तरी तो म्हणाला, चालेल. मग गुणवंतरावांच्या बाई ओवाळायला आल्या. बैल हाकणाऱ्याला बांधतात तसा त्यांनी त्याला मानाचा फेटा बांधला. गुणवंतरावांनी रेशमी शेला त्याच्या कमरेभोवती आणि सीटभोवती घट्ट आवळला, वर छातीवरून एक वेढा. कमिटीचा माणूस आला. कमान आहे? आहे. बांधलाय? बांधलाय. खूण करून तो पुढच्या जीपकडे गेला.

बांधलेलं नसतं तर आडवं होता आलं असतं. हे देवरावला तेव्हाच कळलं. पण एवढ्या मायेने बांधलेल्या शेल्याची गाठ हजारो लोकांसमोर सोडायची कशी?

जाताना तो पुढे होता. ढिगाला वळसा घेताना मागची चाकं घसरली. स्टीअरिंग उलटं फिरवायला हवं होतं, ते त्याच्या गुडघ्याला अडलं. जीप एका कुशीवर उचलली गेली. देवरावने खाली झुकायचा प्रयत्न केला, शेल्याने त्याला ताठ धरून ठेवलं. आभाळ बाजूला गेलं, मग खाली.

माती भुसभुशीत होती म्हणून जीव वाचला. चंद्रपूरच्या दवाखान्यात त्याचं डोकं वाळूच्या पिशव्यांमध्ये धरून ठेवलं. बोलणं फुटत होतं ते कुजबुजीएवढं. हात हलत होते. मान पुन्हा वळणार नाही, असं डॉक्टर सत्यशीलेला म्हणाले.

गुणवंतराव संत्री घेऊन आले. खाटेशी बसले आणि रडले. खर्चाची काळजी करायची नाही म्हणाले. घर चालायला पाहिजे म्हणून जीप त्यांनी चैतूला द्यायचं ठरवलं होतं, पुढच्या पटालाही तोच.

"आणि कमान नवी केली, देवराव. दुप्पट जाड लोखंडाची."

देवराव पुटपुटला, "उंच... केली का?"

"हूड बसलं पाह्यजे ना बाबू," गुणवंतराव मायेने म्हणाले.

देवरावने हात उचलला, डोक्यावर चार बोटं धरून दाखवायला. गुणवंतरावांनी तो हात मध्येच पकडला आणि आपल्या दोन्ही हातांत घट्ट दाबून ठेवला. सत्यशीला पायाशी उभी होती. तिला सगळं कळत होतं. पण घरात दाणा चैतूच आणणार होता. ती संत्र्यांच्या पिशवीची गाठ सोडू लागली.

चैतू दारात होता. जीपची किल्ली त्याच्या हातात आधीच आलेली. देवरावने त्याच्याकडे पाहायचं म्हटलं, पण तिकडे मान वळत नव्हती. "चैतू, बांबू ठेवून पाह्य," तो छताकडे पाहत म्हणाला.

"हो दादा," चैतू म्हणाला, आणि चौकटीखालून वाकून बाहेर गेला.