दोन पाट्या गाळ

मेंढरं राखणाऱ्या आमच्या घराण्यातला मी पहिला बी.ए. हे सांगताना मला संकोच वाटत नाही. परीक्षा देऊन मोहोळजवळच्या आमच्या गावी परतलो, तेव्हा गावची जुनी बारव मोडायचं जवळजवळ ठरलं होतं. ठेकेदाराला सडकेच्या पुलासाठी घडीव दगड हवा होता. बारवेच्या पायऱ्या निम्म्याहून जास्त गाळात बुडालेल्या, पाणी आटलेलं.

"मेलेली हीर राखून काय करायचं, बीएसायेब?" चावडीवर पाटलांनी विचारलं.

"मेली न्हाय, पाटील. गाळानं गुदमरलीय."

आमच्या गावाची एक रीत होती. नवी नवरी गावात आली की उंबरा ओलांडण्याआधी दोघांनी बारवेत उतरायचं आणि एकेक पाटी गाळ वर आणायचा. पुढं लुगडं मळतं म्हणून पाटीची चिमूट झाली. विड्याच्या पानावर चिमूटभर माती आणली की भागायचं. माझे आईवडीलही चिमटीवरच घरात शिरलेले.

मी तेच बोललो. "तुमच्यातल्या एकाचंबी लगीन पुरं झालेलं न्हाय. पाट्या राहिल्यात. आदी त्या काढा, मग दगडाचं बोला."

"आरं, नातवंडं झाली की आता," एक म्हातारा म्हणाला. "त्यांचं काय करू?"

"त्यांनाबी आणा."

चावडी हसली. पाटलांनी अक्षय्यतृतीयेपर्यंत मुदत दिली.

दुसऱ्या दिवशी तो म्हातारा खरंच बायकोला घेऊन उतरला. ती पायरीवर त्याला ऐकवत होती, "तवा चिमूटबी मीच धरली हुती. तुमी नुसतं मागनं चालत हुता." मग जोडपी येत गेली. न आलेल्यांना शेजारीपाजारी टोकू लागले.

माझे वडील मी कॉलेजात असताना वारले. तेव्हापासून आईला लग्नकार्यात कुणी बोलवत नसे, आणि तीही जात नसे. एका सकाळी ती पाटी घेऊन आली. पायऱ्यांवरची माणसं बाजूला सरली. तिनं पाटी भरून वर आणली, काठावर रिकामी केली.

"ही माजी."

पुन्हा उतरली. दुसरी पाटी आणताना दोनदा टेकली, पण कुणाला हात लावू दिला नाही.

"ही त्येंची."

पाटील काठावर उभे होते. त्यांनी पागोटं काढून खाली ठेवलं, बायकोला बोलावणं धाडलं आणि स्वतः उतरले.

मुदत संपली तेव्हा तळाशी घोट्याभर पाणी होतं, फार नाही. ठेकेदार गाड्या घेऊन आला. पाटील वरच्या पायरीवर बसले होते.

"दगड दुसरीकडं बगा," ते म्हणाले. "हितं मेलेल्या माणसानंबी आपली पाटी दिलीया."