धुराला वास नव्हता

तेरखेड्याच्या विठाबाई माझ्या सासूबाई. मी त्यांना मामी म्हणतो आणि त्या मला पाव्हणं म्हणतात. लग्नाला पाच वर्षं झाली तरी मी त्यांच्या घरी अजून पाहुणाच आहे. परंड्याला बसस्टँडसमोर माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. त्यामुळं जगात जे काही बिघडलंय ते आपण दुरुस्त करू शकतो, अशी माझी समजूत होऊन बसली आहे. मामींचे कानही मी त्याच हिशेबात धरले होते.

मामींचं सगळं आयुष्य फटाक्यांत गेलं. तेरखेड्यात लेकीबाळी रांगोळी शिकतात तशा मामी सुतळी बॉम्ब बांधायला शिकल्या. त्या कामाची एक शिस्त असते. शेडमध्ये जाताना सुतीच लुगडं नेसायचं, लोखंडाची वस्तू आत न्यायची नाही, पाय आपटायचा नाही. ओल तर सात कोस लांब ठेवायची. आणि कुठं नुसता धूर दिसला तरी हातातलं काम टाकून, मागं वळून न बघता माळावर पळायचं. माळावर पोचलं की माणसं मोजायची.

नऊ वर्षांपूर्वी एका शेडमध्ये स्फोट झाला. मामी पळाल्या. माळावर पोचल्या आणि त्यांनी माणसं मोजली. आठ हवी होती, सात भरली. पुन्हा मोजली, तरी सातच. शरणम्मा नव्हती. शरणम्मा आणि मामी पंधरा वर्षं समोरासमोर बसून काम करत होत्या, एकीची भाकरी दुसरीच्या चटणीशिवाय संपत नव्हती. त्या दिवशी मामींचा उजवा कान गेला तो गेलाच, आणि डावा पुढं हळूहळू मंद होत गेला. मामी पुन्हा शेडमध्ये गेल्या नाहीत. घरीच बसून फटाक्यांच्या कागदी नळ्या वळू लागल्या.

दोन वर्षांपूर्वी मी त्यांना धाराशिवला नेलं आणि ऐकायचं मशीन बसवून घेतलं. डॉक्टरनं ते डाव्या कानात घातलं, मामी जरा हसल्या, आणि तेवढ्यात मागं कुणाच्या तरी हातून स्टीलचा ट्रे फरशीवर पडला. मामींनी मशीन कानातून ओढून काढलं. भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या आणि खोलीतली माणसं एकेक बोट धरून मोजायला लागल्या.

घरी आल्यावर त्यांनी मशीन डबीत घातलं. मला म्हणाल्या, ‘‘पाव्हणं, राग धरू नका. मला आता कुठला मोठा आवाज नको. शांत हाय ते बरं हाय.’’

मी राग धरला. एवढ्या खटपटीनं आणलेली वस्तू डबीत पडून राहावी याचा मला फार त्रास व्हायचा. हर्षालीचं, म्हणजे माझ्या बायकोचं, दुखणं वेगळं होतं. आमची शिवप्रिया बोलायला लागली होती. पहिला शब्द, पहिलं गाणं, पहिलं खोटं, सगळं झालं. आणि मामींनी त्यातलं काही ऐकलं नव्हतं. तीन वर्षांच्या पोरीनं मग आपली युक्ती काढली. आजीशी बोलायचं असलं की ती आजीची हनुवटी दोन्ही हातांनी धरायची, तोंड आपल्याकडं वळवायची आणि घसा फाटेस्तोवर ओरडायची. मामी तिच्या ओठांकडं बघून हसायच्या. हर्षाली दर खेपेला माहेरी गेली की गुपचूप त्या मशीनमध्ये नवे सेल टाकून यायची. आई एकदा तरी घालेल, एकदा तरी नातीचा आवाज ऐकेल, एवढंच तिला हवं होतं.

गेल्या पावसाळ्यात श्रावण सरता सरता आम्ही तेरखेड्याला गेलो. चार दिवस सलग पाऊस लागला होता. असल्या दमट हवेत फटाक्यांचं काम बंद पडतं, मामींच्या नळ्याही वाळत नव्हत्या. मी म्हटलं, चला, रामलिंगाला जाऊन येऊ. येडशीजवळचं रामलिंग तेरखेड्यापासून अर्ध्या तासावर, लांबलांबची माणसं तिथला धबधबा बघायला येतात, आणि मामींनी ते कधी पाहिलं नव्हतं. मी त्यांना फक्त देवदर्शन म्हणून सांगितलं. धबधब्याचं मुद्दामच बोललो नाही. एकदम समोर उभं करू आणि तोंड बघू, असा माझा बेत. माझे बेत हर्षालीला चांगले ठाऊक आहेत, तिनं निघतानाच कपाळाला हात लावला. आणि मशीनची डबी आईच्या पिशवीत घातली.

हमरस्त्यावर गाडी पंक्चर झाली. स्टेपनी काढली, तर तीही बसलेली. मी भर पावसात टायरला लाथ मारली आणि माझ्याच अंगठ्याला लागलं. शेवटी गौरीशंकर नावाचा एक टमटमवाला थांबला. गाडी टायरवाल्याच्या हवाली करून आम्ही त्याच्या टमटममध्ये बसलो. तो वाटभर एका हातानं पुढची काच पुसत होता आणि मला सांगत होता, ‘‘साहेब, आज पानी लई हाय. सकाळीच बघून आलो, बघत ऱ्हावं असं.’’ मामींना यातलं काही ऐकू आलं नाही.

रामलिंगाचं देऊळ खाली दरीत आहे. वरून पायऱ्या उतरत जायचं. दरी अशी हिरवीगार झाली होती की दगडसुद्धा हिरवे दिसत होते. झाडांतून ढग पायाशी येत होते. आमच्या जिल्ह्यात, जिथं आठ महिने डोळ्यांना नुसता माळ दिसतो, तिथं हे असलं काही आहे याचं मला दरवेळी नवल वाटतं. मी तोंड उघडं टाकून बघत असतानाच एका वानरानं माझ्या हातातली भाकरीची पिशवी नेली. झाडावर बसून त्यानं शेंगदाण्याची चटणी आधी चाटली. शिवप्रियानं भोकाड पसरलं. मामींनी तिला कडेवर घेतलं आणि देवाचं दर्शन झालं.

मग मी मोठ्या ऐटीत पुढं झालो, धबधब्याच्या वाटेनं. मागं मामी, कडेवर पोर, त्यांच्यामागं हर्षाली.

वळणावर पोचलो आणि मामी थबकल्या. मला वाटलं, दमल्या. त्यांनी खाली आपल्या पायांकडं पाहिलं. जमीन थरथरत होती. मला तर नुसता गडगडाट ऐकू येत होता, त्यामुळं पायाखालचं कळलंच नव्हतं. मग त्यांनी छातीवर हात ठेवला. तिथंही ती थरथर पोचली असणार. आणि त्यांनी वर पाहिलं. झाडांच्या शेंड्यांवरून पांढऱ्या धुराचे लोट उठत होते.

‘‘पळा!’’ मामी ओरडल्या. ‘‘पळा रं! माळावर पळा!’’

तो आवाज माझ्या सासूबाईंचा आहे हे मला आधी पटलंच नाही. त्या पोरीला छातीशी आवळून पायऱ्यांकडं धावत सुटल्या. साठीच्या घरातली बाई, पण मला गाठता येईना. ‘‘मामी, पाणी हाय ते! पाणी!’’ मी बोंबलत होतो, आणि त्यांना ऐकू येत असतं तर हे झालंच नसतं. आमचं बघून आणखी पाचपंचवीस माणसं धावली. कशासाठी ते कुणालाच माहीत नव्हतं. कणसं खाणारं एक आख्खं कुटुंब कणसांसकट पळालं. वानरं झाडावर चढली. मी शेवाळावरून घसरलो, चार पायऱ्या बसूनच परत खाली आलो आणि माझी एक चप्पल जी गेली ती आजतागायत रामलिंगालाच आहे.

वर मोकळ्या जागेत पोचल्यावर मामी थांबल्या. धापा टाकत वळल्या. मी लंगडत पोचलो तर त्यांचं बोट हवेत होतं. कडेवरची शिवप्रिया एक. हर्षाली दोन. मी तीन. मग त्यांनी बोट स्वतःच्या छातीला लावलं. चार. पुन्हा पहिल्यापासून मोजलं. पुन्हा चार.

मला हसू येणार होतं, ते आलंच नाही. नऊ वर्षांपूर्वी ही बाई माळावर कशी उभी राहिली असेल ते मला त्या क्षणी दिसलं. मला स्वतःची लाज वाटली. इतके दिवस मी या माणसावर एका मशीनपायी रुसलो होतो.

हर्षालीनं आईचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि ओठ सावकाश हलवत सांगितलं, ‘‘आई, पाणी हाय. धबधबा.’’

मामींचा विश्वास बसेना. त्यांनी दरीकडं मान वळवली, नाक वर केलं आणि वारा हुंगला. एकदा, दोनदा. गंधक जळाल्याचा वास त्यांना कोसावरून कळतो. इथं होता तो ओल्या पाल्याचा आणि मातीचा.

‘‘एवढा धूर हाय,’’ त्या पुटपुटल्या, ‘‘आन् वास कसा न्हाय?’’

त्यांनी तळहात पुढं धरला. खालून आलेल्या वाऱ्यानं त्यावर बारीक थेंब आणून ठेवले. मामी त्या ओल्या तळहाताकडं बघत राहिल्या. मग पोरीला हर्षालीकडं दिलं आणि कुणाची वाट न बघता पुन्हा पायऱ्या उतरू लागल्या. मी एका चपलेनिशी मागं.

धबधब्यासमोर आम्ही उभे राहिलो. चार दिवसांचं पाणी एकदम कड्यावरून कोसळत होतं. तांबूस, फेसाळ, मस्तावलेलं पाणी. खाली आपटून ते पुन्हा धूर होऊन वर चढत होतं. मधेच एखादं झाडाचं खोड वरून यायचं आणि काडीसारखं नाहीसं व्हायचं. किती बघितलं तरी नजर पुरत नव्हती. मी या ठिकाणी दहा वेळा आलो असेन, फोटो काढून गेलो असेन. पण त्या दिवशी मामींच्या शेजारी उभं राहून मी ते पहिल्यांदा बघितलं.

मामींनी बाजूच्या दगडाला तळवा लावला. दगड थरथरत होता. त्या वाट बघत असल्यासारख्या उभ्या होत्या. कशाची ते मला उशिरा उमगलं. त्यांच्या जन्मात मोठा आवाज म्हणजे एकदाच होतो. मग सगळं गप्प होतं, आणि खरी भीती त्या गप्प होण्याचीच असते. त्या हे थांबायची वाट बघत होत्या.

‘‘थांबंना की हे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पाव्हणं, कवापासून चाललंय?’’

मी त्यांच्यासमोर जाऊन ओठ ठळक हलवत सांगितलं, ‘‘रामाच्या काळापासून, म्हणत्यात. जटायू तहानेनं तळमळत होता, तर रामानं बाण मारून पाणी काढलं.’’

‘‘मरणाऱ्याला पाणी पाजायला एवढं?’’ मामींचे डोळे भरून आले. ‘‘एका जिवासाठी?’’

शरणम्माचं नाव त्यांनी घेतलं नाही. तिथं ते घ्यायची गरजही नव्हती.

मग मामींनी पिशवीत हात घातला आणि डबी काढली. हर्षालीनं माझा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी वळ दिसत होते. मी मात्र माझ्या धंद्याला जागलो. म्हणालो, ‘‘मामी, इथं नको, ओल लागंल, खराब होईल!’’ आणि छत्री पुढं केली.

ओठांवरून त्यांना बरोबर कळलं. ‘‘ओलीपासून कसं जपायचं ते तुमी मला शिकवू नका,’’ त्या म्हणाल्या. डबीत प्लास्टिकच्या तीन घड्या होत्या आणि त्यात मशीन ठणठणीत कोरडं होतं. छत्रीखाली वाकून, पदराचा आडोसा करून त्यांनी ते कानात बसवलं. बटण दाबायच्या आधी हर्षालीचं मनगट धरलं.

त्यांचं सगळं अंग ताठ झालं. डोळे मिटले. हर्षालीच्या मनगटावरची बोटं पांढरी पडली. तो गडगडाट कानात शिरत होता, शिरतच होता. मी मनात म्हटलं, आता ओढून काढणार. पण बोटं हळूहळू सैल झाली. मामींनी डोळे उघडले, आमच्यावरून एकदा नजर फिरवली. या वेळी बोट वर उचललं नाही.

‘‘एवढा मोठा आवाज,’’ त्या म्हणाल्या, ‘‘आन् समदी हायती.’’

हर्षाली रडायला लागली. मीही रडलो, पाऊस होता म्हणून निभावलं.

शिवप्रियाला यातलं काहीच कळलं नव्हतं. तिच्या डोक्यात अजून ते वानर होतं. ती आजीच्या कडेवर चढली, नेहमीसारखी दोन्ही हातांनी तिची हनुवटी धरली, तोंड आपल्याकडं वळवलं आणि सगळा जीव एकवटून ओरडली, ‘‘आज्जी! माकडानं आपली भाकर खाल्ली!’’

मामी दचकल्या. पण हात कानाकडं गेला नाही. धबधब्याच्या त्या गडगडाटात त्या आपल्या नातीकडं बघत राहिल्या.

‘‘हळू बोल गं माझे आई,’’ त्या म्हणाल्या. ‘‘ऐकू येतंय मला.’’

पोर गोंधळली. आजीच्या तोंडाकडं जरा वेळ बघत राहिली. मग तिनं हनुवटी सोडली, मान वळवली, आणि धबधब्याकडं बघत, हळू आवाजात, चटणीचंही सांगायला लागली.